पाहुण्याचा फुगा

आमच्या मामांना कुणी विचारलं की तुमचं काम काय, तर ते म्हणायचे, "एक पोट सांभाळतो." नवखा माणूस हमखास त्यांच्याच पोटाकडे बघायचा, कारण तेही काही लहान नव्हतं. मग मामा मागच्या काँक्रीटच्या घुमटाकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "ते नाही हो, हे."

मी त्या सांडपाण्याच्या प्लँटवर केमिस्ट आहे. अजूनही आहे, हीच लाजेची गोष्ट, आणि ती कशी ते सांगायलाच बसलेय. मी मूळची तोंडाळ बाई. घरी नवरा, प्लँटवर फिटर, ड्रायव्हर, साहेब, कुणाचीही भीड ठेवत नाही. मनात आलं की बोलून मोकळी. एकच गोष्ट अडीच वर्षं बोलले नाही आणि नेमकी तीच बोलायची होती.

तर मामा. ते प्लँटवर कुणाचेच मामा नव्हते, पण पहिल्या दिवसापासून सगळे त्यांना मामा म्हणत. आठवीपर्यंत शिकलेले. लागले तेव्हा काम काय, तर गटाराचं पाणी जिथून आत येतं तिथल्या जाळीवर अडकलेल्या चिंध्या, पिशव्या आणि नको त्या वस्तू दाताळ्याने ओढून काढायच्या. तिथून सरकत सरकत ते घुमटावर आले आणि बावीस वर्षं तिथेच राहिले.

घुमटाचं काम सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. शहराचं सगळं सांडपाणी आमच्याकडे येतं. टाक्यांमधून फिरतं, निवळतं आणि स्वच्छ होऊन नदीत जातं. तळाशी गाळ उरतो. तो गाळ त्या बंद घुमटात जातो. आत हवा नाही, उजेड नाही, फक्त अंगाला बरी वाटेल इतकी ऊब. तिथे जंतू तो गाळ वीस-बावीस दिवस खात बसतात आणि गॅस सोडतात. त्या गॅसवर इंजिन चालतं, इंजिनावर प्लँटची अर्धीअधिक वीज. जे उरतं ते वाळवून बागांना खत म्हणून जातं. माझ्या शेजारणीला हे मी तीनदा समजावलं. ती मान डोलावते आणि माझ्या हातचा चहा घेत नाही.

आता हे जंतू दोन जातीचे. पहिले गाळ आंबवतात, दुसरे तो आंबटपणा खाऊन गॅस करतात. पहिले दांडगे, काहीही खातात. दुसरे भारी नाजूक. ते मेले की आत नुसता आंबटपणा साचत जातो आणि सगळं पोट बिघडतं. मामा म्हणायचे, "पहिले जावई आणि दुसऱ्या सुना. जावई ओरपून हात धुतात, निस्तरायचं सुनांनी. सुनेला ताप आला की घर बंद."

नुसत्या गटाराच्या गाळाने गॅस बेताचाच होतो. म्हणून आम्ही कारखान्यांचं खरकटं पाणी टँकरने घेतो. बिस्किटांचा कारखाना, दुधाचा, तेलाचा. त्यातली साखर आणि चरबी पोटाला फार आवडते. पण कुठल्या टँकरमध्ये काय विष मिसळलेलं असेल ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं. त्यावर मामांचा उपाय होता फुग्याचा.

औषधाच्या दोन मोठ्या काचेच्या बाटल्या. दोन्हींत घुमटातला ताजा गाळ. एकीत रोजचंच थोडं खाणं घालायचं, तिच्यावर चिठ्ठी 'घरचा'. दुसरीत टँकरमधलं मगभर पाणी, तिच्यावर चिठ्ठी 'पाहुणा'. दोन्ही बाटल्यांच्या तोंडावर साधे, लेकरांचे असतात तसले गोल फुगे दोऱ्याने आवळून बांधायचे आणि इंजिनाशेजारच्या कोमट पाण्याच्या टबात दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून द्यायच्या. सकाळी दोन्ही फुगे सारखे उभे राहिले, तर पाहुण्याला घरात घ्यायचं. पाहुण्याचा बसलेला असला, तर टँकर आल्या वाटेने परत. वहीत नोंद करायची, खाली सही. एकदा पास झालं की त्या कारखान्याचे टँकर आठवडाभर बिनधास्त आत.

आणि यात मामांचा एक नियम होता. ज्याने फुगा बांधला त्याने तो बघायचा नाही. "बांधणाऱ्याला फुगलेलाच दिसतो," असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते स्वतः बांधायचे आणि सकाळी टबावरचं फडकं काढून मला हाक मारायचे. "डिग्रीबाई, या. पाहुणा फुगलाय का सांगा." मी सांगेन ते लिहायचे आणि सही माझी घ्यायचे. सात वर्षं हा आमचा सकाळचा कार्यक्रम होता.

मला त्याचं हसू यायचं, हे कबूल करते. माझ्या लॅबमध्ये ओव्हन होतं, काटा होता, पीएच मोजायचं यंत्र होतं. एवढं सगळं सोडून मी वाढदिवसाचे फुगे बघत उभी. एकदा म्हटलंही, "मामा, तुमच्या फुग्याला सर्टिफिकेट कुणी दिलंय?" तर म्हणाले, "तुझ्या यंत्राला जीव आहे का? माझ्या बाटलीत आहे. विष जिवाला विचारावं, यंत्राला काय कळतंय." मला राग आला होता. माणूस शिकलेला असला की असल्या वाक्याने त्याला फार राग येतो.

मग त्यांच्या लेकीचं पहिलं बाळंतपण आलं. ती दुसऱ्या गावी. मामांनी कित्येक वर्षांत आठ दिवसांची रजा घेतली नव्हती, ती घेतली. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बाटल्या दाखवल्या, दोरा दाखवला, फुग्यांचं पाकीट दाखवलं, जसं काही मी ते कधी पाहिलंच नव्हतं. बाटल्यांत घालायचा गाळसुद्धा एका कॅनमध्ये काढून ठेवला. "घुमटाच्या शिडीवर चढायला नको तुला. आणि बघायला दुसऱ्याला बोलाव, विसरू नको."

"मामा, आठ दिवस आहेत. आठ वर्षं नाहीत," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आईस्क्रीमच्या कारखान्याचा टँकर आला. जुनं गिऱ्हाईक. चार वर्षांत त्यांचा फुगा एकदाही बसलेला नव्हता. मी मगभर पाणी घेतलं, पीएच पाहिला, सात. अगदी सात. मग बाटल्या भरल्या, फुगे बांधले. वही हातातच होती, पेन होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीच्या शाळेत पालकांची सभा होती, मला उशिरा यायचं होतं. तेव्हा मी काय केलं, तर तिथेच, फुगे बांधल्या बांधल्या, दुसऱ्या दिवसाची नोंद करून टाकली. घरचा: फुगला. पाहुणा: फुगला. खाली सही.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला आले तर टँकरचा ड्रायव्हर टबापाशी उभा. फडकं त्यानेच काढलेलं. घरचा फुगा संत्र्याएवढा टच्च. पाहुण्याचा बाटलीच्या मानेवर आडवा पडलेला.

"मॅडम, हा बसलाय," तो म्हणाला.

"छिद्र असेल त्याला."

"दुसरा लावून बघू या का? मी थांबतो. माझं काही नाही."

ड्रायव्हर थांबायला तयार होता, हे मला अजून छळतं. घाई त्याला नव्हतीच. पण दुसरा फुगा लावायचा म्हणजे आणखी एक दिवस, आणि वहीतलं 'फुगला' खोडायचं, त्या खोडाखोडीशेजारी सही करायची, आणि मामा आले की पहिला प्रश्न तोच. आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं हे त्या माणसाला अक्षरावरूनसुद्धा कळलं असतं. मी मनात म्हटलं, पीएच सात आहे. चार वर्षांचं गिऱ्हाईक आहे. फुगा म्हणजे काय वेद आहे का. आणि तोंडाने म्हटलं, "रिकामा करा."

त्या एका नोंदीवर चार दिवसांत अकरा टँकर आत गेले.

कारखान्याने यंत्रं धुवायचं औषध बदललं होतं, हे पुढे कळलं. जंतुनाशक. पीएचला काही करत नाही, फक्त जंतू मारतं. नाव वाचून कुणालाही समजेल असं औषध, पण टँकरवर नाव लिहिलेलं नसतं.

मामा नातीचे पेढे घेऊन आले त्या दिवशी जादा गॅस जाळायच्या नळीवरची ज्योत बोटभर उरली होती. दुसऱ्या दिवशी घुमटाच्या झडपेतून फेस आला, दह्यासारखा, आणि आंबूस वास सगळ्या आवारात पसरला. इंजिन बंद पडलं. मामांनी पेढ्यांचा पुडा माझ्या टेबलावर ठेवला होता. तो तसाच बांधलेला राहिला, मुंग्या लागल्या, आणि मी तो टाकून दिला.

विजेअभावी टाक्यांतल्या पाण्यात हवा सोडणारे पंखे अर्धा वेळ बंद ठेवावे लागले. अर्धवट साफ झालेलं पाणी तीन महिने नदीत गेलं. खालच्या वळणावर गळ टाकून बसणारी माणसं प्लँटच्या फाटकाशी येऊन मेलेले मासे टाकून गेली. मामांनी ते स्वतः उचलले, पोत्यात भरले आणि खताच्या खड्ड्यात पुरले. मग चुन्याची निवळी घालून घालून आंबटपणा मोडला, दुसऱ्या गावच्या प्लँटवरून जिवंत गाळ विरजणासारखा आणला आणि पोट पुन्हा उभं केलं. त्या तीन महिन्यांत त्यांचं स्वतःचं पोट मात्र उतरलं.

चौकशी झाली. तीन माणसं, एक टेबल, मधे आमची वही. टँकरच्या ड्रायव्हरला कुणी बोलावलंच नव्हतं.

"हे अक्षर तुमचं?"

"हो."

"पाहुण्याचा फुगा फुगला होता?"

मामा माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर संशयाची नव्हती. जीव मुठीत धरून डॉक्टरकडे बघावं तशी होती.

"हो," मी म्हटलं. "फुगला होता."

उचलली जीभ लावली टाळ्याला. एवढी बडबडी बाई मी, आणि आयुष्यातलं सगळ्यात महाग वाक्य तीन शब्दांचं निघालं.

चौकशीने लिहिलं की फुग्याची पद्धत अशास्त्रीय आहे, ती विसंबण्यालायक नव्हती, आणि तिच्यावर विसंबून राहण्याची जबाबदारी ऑपरेटरची, म्हणजे मामांची. चोर सोडून संन्याशाला फाशी, ते असं. मामांना निवृत्तीनंतर दोन वर्षांची मुदतवाढ कबूल झालेली होती, ती रद्द झाली. फुगे बंद. मला साधी सूचनासुद्धा आली नाही, कारण माझी नोंद बिनचूक होती.

त्यांनी वाद घातला असता, तर मी बोलले असते, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होते. पण ते भांडलेच नाहीत. शेवटच्या दिवशी त्यांनी बाटल्या धुऊन पिशवीत भरल्या आणि मला म्हणाले, "डिग्रीबाई, तुझंच खरं निघालं. जिवाला विचारून कळत नाही सगळं."

हे ऐकून मी घरी गेले आणि भांडी घासत घासत रडले. नवऱ्याने विचारलं काय झालं, तर म्हटलं कांदा चिरला. त्या दिवशी कांदा चिरलाच नव्हता, हे त्याला दिसत होतं. नोकरी गेली असती तर कदाचित मी स्वतःला माफ केलं असतं. पण मी त्या माणसाची विद्या खोटी पाडली होती, आणि ती त्याला स्वतःच्याच तोंडाने खोटी म्हणायला लावली होती. लेकीच्या वाढदिवसाला घरात फुगे लावले की मी स्वयंपाकघरात निघून जायचे. खाई त्याला खवखवे.

अडीच वर्षं अशीच गेली. मग प्लँटवर दुसरा घुमट बांधून झाला, आणि तो सुरू करायला कुणालाच जमेना. नवे साहेब आले होते, वयाने लहान, पण समजूतदार. त्यांनी चौकशी केली तेव्हा फिटरपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. साहेबांनी फोन केला. मामा म्हणाले, "मला आता त्यातलं समजत नाही," आणि फोन ठेवला. दुसऱ्यांदाही तेच. तेव्हा साहेब मला म्हणाले, "तुमचं ऐकतील. तुमच्यावर फार जीव होता म्हणतात. तुम्ही जाऊन या."

रविवारी सकाळी गेले. दोन खोल्यांचं घर, तिसऱ्या मजल्यावर. दार मामींनी उघडलं. "आलीस का? ये. आमच्या दवाखान्यात जागा असेल तिथे बस."

आत पाहते तर खिडकीच्या कट्ट्यावर, कपाटावर, पलंगाखाली, सगळीकडे बाटल्या. प्रत्येकीच्या तोंडाला फुगा. काही टच्च, काही पडलेले. जमिनीवर मामांची अडीच वर्षांची नात, लेकीची, तीच पेढ्यांवाली, बसली होती आणि एका फुग्याकडे टक लावून बघत होती.

"हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय तिला," मामी म्हणाल्या. "आजोबांच्या घरी शंभर फुगे आणि नातीला खेळायला एक नाही. आणि वास येतो तो वेगळाच. सून माहेरी गेली की लवकर परत येत नाही, तिचा काय दोष."

मामा चष्मा कपाळावर चढवून आले. वाळले होते. मला बघून खरोखर आनंदले, आणि मी आल्याचं कारण न विचारता मला बाटल्या दाखवायला लागले. जिवंत गाळ ते जुन्या ओळखीवर दर आठवड्याला फिटरकडून मागवत होते. फिटर मला कधी काही बोलला नव्हता. कारखान्यात वापरतात तेच औषध त्यांनी मिळवलं होतं. त्यांच्याकडे वही होती, प्लँटवरच्यासारखीच आखलेली.

"दोनशे तेरा वेळा केलं," ते म्हणाले. "थोडं औषध घालून, जास्त घालून. पाणी वरून घेऊन, तळातून घेऊन. मला वाटलं मी तुला पाण्याचा मग वरून बुडवायला शिकवलं, विष खाली बसलं असेल. पण ते बसत नाही ग, सगळीकडे सारखं मिसळतं. दोनशे तेरा वेळा पाहुणा बसला. एकदाही फुगला नाही. मग त्या दिवशीच कसा फुगला?"

मी वहीचं पान उलटलं, तिथेही ओळीने 'बसला' लिहिलेलं.

"आता मला कळलंय," ते म्हणाले, आणि आवाज खाली आणला. "जाताना बाटल्यांचा गाळ मी काढून ठेवला होता ना कॅनमध्ये? तो तुझ्या वेळेला दोन-तीन दिवसांचा शिळा झाला. त्यातच काहीतरी उरलं असेल, त्याने फुगवला असेल. चूक माझी होती. लेकीकडे जायच्या घाईत मी तुला शिळा माल दिला आणि त्या तीन माणसांपुढे तुला उत्तरं द्यावी लागली. मी यायचंच म्हणत होतो तुझ्याकडे, तुला सांगायला. पण कुठल्या तोंडाने येणार."

माझ्यासमोर वाटी होती, तिच्यात मामींनी बिस्किटं ठेवली होती. मी ती वाटी बाजूला सरकवली.

"मामा, फुगा फुगला नव्हता."

"कुठला?"

"त्या दिवशीचा. पाहुण्याचा. मी आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं. सकाळी आले तर तो पडलेला होता. ड्रायव्हरनेही सांगितलं, बसलाय म्हणून. मी टँकर रिकामा करायला लावला, आणि चौकशीत खोटं बोलले."

मामांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "अजिबात नाही फुगला?"

"अजिबात नाही."

"थोडासुद्धा? बोराएवढा?"

"आडवा पडला होता, मामा."

आणि मग त्यांचा चेहरा उजळला. खोटं सांगत नाही. अडीच वर्षं मी या क्षणाच्या नाना तऱ्हा मनात घोळवल्या होत्या, त्यांचं ओरडणं, रडणं, मला दाराबाहेर काढणं. हे कधी डोक्यात आलं नव्हतं. "ऐकलंस का," त्यांनी मामींना हाक मारली, "अग, फुगा बरोबर होता. फुगा बरोबरच होता त्या दिवशी." ते उठले, कपाटावरचा एक फुगा दोरा सोडवून काढला, त्यातली हवा सोडली, पुसला, तोंडाने फुगवला आणि नातीच्या हातात दिला. नात हसली. मामाही हसले.

मामी हसल्या नाहीत. पदराला हात पुसत त्या दारात उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. "आणि हे आत्ता सांगतेस?" त्या म्हणाल्या.

तेव्हा कुठे मामांच्या डोक्यात दुसरी गोष्ट शिरली. त्यांनी खोलीभर पाहिलं. कपाटावर, पलंगाखाली, कट्ट्यावर. सगळ्या बाटल्यांवरून नजर फिरवून ते खाली बसले. हसू गेलं होतं. बराच वेळ ते स्वतःच्या वहीची पानं उलटत राहिले, वाचत नव्हते.

"मामा, मी—"

"नियम सांगितला होता मी तुला," ते म्हणाले. "बांधणाऱ्याने बघायचं नाही."

"हो."

"नव्या पोटाला येतो मी. साहेबांना सांग. पण ती जुनी वही आहे ना अजून? तिच्यात खोटं आहे तोवर मी तिथे एकही नोंद करायचा नाही." आणि हातातली वही मिटून, "आता जा तू."

दारापर्यंत कुणी आलं नाही. जिना उतरताना वरून नातीचा आवाज येत होता.

सोमवारी मी साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मामा येतायत ना? मग कशाला जुनी मढी उकरून काढायची." भला माणूस, मला वाचवत होता. मला मोह झाला नाही असं म्हणणार नाही. पण मी कपाटातून वही काढली, ते पान शोधलं, 'फुगला'वर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: फुगला नव्हता. नोंद न पाहता आदल्या दिवशी केली होती. तारीख घातली, सही केली. मग तेच एका अर्जात लिहून वर पाठवलं. माझी बढती थांबली, दोन वर्षांची वेतनवाढ गेली, आणि मामांच्या नावावरचा ठपका तीन ओळींच्या पत्राने काढला गेला. माझी शिक्षा मला फार हलकी वाटली. नवरा म्हणाला, "तुला आणखी काय हवं होतं?" त्याला काय सांगणार.

मामा आले. पिशवीतून त्याच दोन बाटल्या काढल्या, चिठ्ठ्या नव्या चिकटवल्या. माझ्याशी बोलले, चांगलं बोलले. चहा आला तर माझा कप स्वतः सरकवला. पीएच विचारला, मी सांगितला, त्यांनी मान हलवली. डिग्रीबाई मात्र म्हणाले नाहीत. मॅडम म्हणाले.

पहिला टँकर बिस्किटांच्या कारखान्याचा होता. मामांनी फुगे बांधले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जण टबापाशी जमले. साहेब, फिटर, दोन नवे ऑपरेटर, आणि लॅब झाडून बाहेर आलेली झाडूवाली. मी सगळ्यांत पुढे होते, सवयीने. मामांनी फडकं काढलं. तेही सवयीने माझ्याकडे वळले आणि तोंड उघडलं.

मग त्यांनी झाडूवालीला हाक मारली. "जरा इकडे ये बाई. हा पाहुण्याचा फुगा आहे. फुगलाय का ते तू सांग."

तिने झाडू भिंतीला टेकवला, हात साडीला पुसले, वाकून नीट पाहिलं. "फुगलाय की," ती म्हणाली.

मामांनी वहीत लिहिलं आणि वही तिच्यापुढे केली. तिला सही येत नव्हती. त्यांनी तिचा अंगठा घेतला, शाई पुसायला स्वतःचा रुमाल दिला. मी तिच्या शेजारीच उभी होते. मलाही दिसत होतं. फुगला होता.